चाला म्हणण्याआधी पाय पाहा

वजन वाढलेल्या माणसाला दवाखान्यात हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'रोज पाऊण तास चाला'. सल्ला चुकीचा नाही. पण तो ऐकणाऱ्या कितीतरी जणांना सकाळी उठल्यावर टाच टेकवत नाही, संध्याकाळी घोटे सुजून सँडलचे पट्टे कातडीत रुतलेले असतात आणि चवड्याखाली घट्टा पडलेला असतो. रक्तदाब मोजला जातो, साखर तपासली जाते, वजनकाट्यावर उभं केलं जातं. मोजे काढा, पाय बघू, असं क्वचितच कुणी म्हणतं. मग ती व्यक्ती आठवडाभर नेटाने चालते, कळ वाढली की थांबते, आणि घरचे तिला आळशी ठरवून मोकळे होतात. चालणं थांबलं की वजन आणखी चढतं आणि पायांचं दुखणंही. या फेऱ्यातून बाहेर पडायचं तर सुरुवात पायांपासूनच करायला हवी.

मानवी पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. त्यांना स्नायू, कंडरा आणि अस्थिबंध यांचं घट्ट जाळं बांधून ठेवतं. चालताना प्रत्येक पावलागणिक या छोट्या रचनेवर शरीराच्या वजनापेक्षा थोडा जास्तच भार येतो, आणि धावताना तो दुप्पट-तिप्पट होतो. सत्तर किलोच्या माणसाचं वजन नव्वद झालं असं धरू. दिवसाकाठी पाच हजार पावलं, म्हणजे एका पायाची अडीच हजार. नुसत्या वाढीव वीस किलोंचा हिशेब केला तरी एका पायाला दिवसभरात ५० टन जादा भार झेलावा लागतो. एवढं सोसूनही बहुतेकांचे पाय वर्षानुवर्षं तक्रार करत नाहीत, हेच खरं तर नवल आहे.

वजन वाढलं की पाऊल पसरतं, रुंद होतं. भार मोठ्या क्षेत्रावर विभागला जाऊन दाब तेवढाच राहील, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात तसं होत नाही. स्थूल आणि बिगरस्थूल प्रौढांच्या तळव्यांवरचा दाब मोजणारा एक अभ्यास ऑस्ट्रेलियातले संशोधक अँड्र्यू हिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केला. स्थूल व्यक्तींचं पाऊल रुंद असूनही त्यांच्या तळव्यावरचा दाब जास्त भरला. सर्वांत मोठा फरक होता तो पावलाच्या कमानीखाली आणि चवड्यापाशी. जो भाग जमिनीपासून उचललेला राहायला हवा, नेमकं त्यावरच ओझं येत होतं.

ही कमान तोलून धरण्याचं मोठं काम करते ती टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत गेलेली जाड, चिवट पट्टी. डॉक्टर तिला प्लांटर फॅशिया म्हणतात. धनुष्याला ताणून ठेवणाऱ्या दोरीसारखी ती कमानीची दोन्ही टोकं धरून ठेवते. पाऊल उचलताना बोटं वर वळतात, पट्टी ताणली जाते, कमान उंचावते आणि पाऊल क्षणभर ताठ होऊन शरीराला पुढे ढकलतं. जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये ही यंत्रणा उलगडून दाखवली. भार वाढला की ही पट्टी तिच्या टाचेकडच्या टोकाशी पुन्हा पुन्हा ताणली जाते आणि तिथले तंतू झिजू लागतात. रात्रभर पाय सैल असताना ती थोडी आखडते. सकाळचं पहिलं पाऊल तिला एकदम ताणतं आणि टाचेत कळ उठते. दहा-वीस पावलांनंतर बरं वाटतं, दुपारी बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच. टाचदुखीच्या रुग्णांचं हे वर्णन इतकं सारखं असतं, की बहुतेक वेळा निदानासाठी तेवढंच पुरतं.

वजनाचा इथे किती हात असतो? अमेरिकेत २००३ मध्ये डॅनियल रिडल यांच्या गटाने टाचदुखीचे ५० रुग्ण आणि तसा त्रास नसलेल्या १०० व्यक्ती यांची तुलना केली. ज्यांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, ३०च्या वर होता, त्यांच्यात या दुखण्याची शक्यता सडपातळ लोकांच्या साडेपाच पटींहून अधिक निघाली. कामाचा बहुतेक वेळ उभं राहणाऱ्यांमध्ये ती साडेतीन पटींहून अधिक होती. पोटऱ्या आखडलेल्या आणि घोटा वर वळत नसलेल्यांचा धोका तर याहूनही मोठा. म्हणजे वजन हे एक कारण झालं. तासन्‌तास उभं राहणं आणि आखडलेली पोटरी त्यात भर घालतात.

उभं राहण्याचा मुद्दा आपल्या घरांना फार लागू पडतो. शिक्षिका, वाहतूक पोलीस, परिचारिका, दुकानातले विक्रेते यांची नावं चटकन आठवतात. स्वयंपाकघरात ओट्यापाशी सकाळ-संध्याकाळ उभ्या असणाऱ्या बाईचं मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. पूर्वी शेणाने सारवलेल्या मातीच्या जमिनी होत्या, चुलीपुढे बसून रांधणं होतं. आता ओटा उंच झाला, खाली ग्रॅनाइट किंवा गुळगुळीत टाइल्स आल्या, आणि देवघर जवळ म्हणून तिथे चप्पल वर्ज्य. पन्नाशीतली, वजन वाढलेली बाई रोज चार-पाच तास कठीण फरशीवर अनवाणी उभी राहते आणि टाच दुखली की वयाला दोष देते. घरात वापरायची, बाहेर कधीच न नेलेली मऊ तळव्याची स्वच्छ चप्पल ठेवणं हा यावरचा साधा उपाय आहे. आता बऱ्याच घरांत तो रूढही झाला आहे. ओट्यासमोर जाड मऊ पायपुसणं अंथरलं तरी फरक पडतो.

'टाचेचं हाड वाढलंय' ही भीती मात्र बहुतेकदा विनाकारण असते. एक्स-रेमध्ये टाचेखाली हाडाचं टोक दिसतं खरं, पण काहीच दुखत नसलेल्या अनेकांच्या एक्स-रेमध्येही ते असतं. त्या टोकाला घाबरून शस्त्रक्रियेच्या विचारापर्यंत जाऊ नये. टाचदुखीचे दहातले आठ-नऊ रुग्ण शस्त्रक्रियेवाचून साधारण वर्षभरात बरे होतात. टाचेत पुन्हा पुन्हा स्टेरॉइडचं इंजेक्शन घेण्याबाबतही सावध राहावं. त्याने टाचेखालची चरबीची गादी विरळ होण्याचा आणि क्वचित पट्टीच तुटण्याचा धोका असतो.

सगळा दोष नुसत्या ओझ्याचा असता तर गोष्ट सोपी होती. ऑस्ट्रेलियातल्याच २०१२च्या एका अभ्यासात पायदुखीचा संबंध एकूण वजनाइतकाच शरीरातल्या चरबीशी, आणि त्यातही पोटाभोवतीच्या चरबीशी आढळला. चरबी निमूट पडून राहत नाही. दाह वाढवणारी रसायनं ती रक्तात सोडत असते. भारतीयांसाठी ही बाब महत्त्वाची आहे, आणि ती पुण्यातल्या संशोधनाने जगापुढे ठळकपणे आली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपल्याकडे निर्देशांक २३ झाला की जादा वजन आणि २५ झाला की स्थूलता धरतात, त्यामागे हे कारण आहे. हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं, अशी आपल्याकडे सर्रास दिसणारी व्यक्ती 'माझं कुठे वजन जास्त आहे' म्हणते, तेव्हा काटा तिला पुरतं खरं सांगत नसतो. अंगठ्याचा सांधा रात्रीत लाल होऊन ठणकायला लावणारा गाउट म्हणजे वातरक्तही वाढत्या वजनाबरोबर वाढतो, कारण रक्तातलं युरिक ॲसिड चढतं.

मुलांच्या पायांबद्दल आजी-आजोबा म्हणतात, 'गुटगुटीत आहे, पाय भरलेत, मोठेपणी होतील नीट.' लहान मुलांचे पाय सपाट दिसतात हे खरं, आणि बहुतेकांची कमान वाढत्या वयात आपोआप तयार होते. पण वोलोंगाँग विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये शाळेत जाण्याच्या आधीच्या वयातल्या मुलांच्या तळव्यांची अल्ट्रासाउंडने तपासणी केली, तेव्हा जादा वजनाच्या मुलांत कमानीखालची चरबी इतरांपेक्षा जाड नव्हती. त्यांची कमानच खाली आलेली होती. चालताना पाय दुखतात म्हणून मैदान टाळणाऱ्या मुलाला रागावण्याआधी त्याचं पाऊल निरखून पाहायला हवं.

मोठ्या माणसात एकाच पायाची कमान हळूहळू बसू लागली, घोट्याच्या आतल्या बाजूला दुखू लागलं, मागून पाहिल्यावर त्या पायाची बोटं बाहेरच्या अंगाला जास्त दिसू लागली आणि त्या एका पायावर टाच उचलून उभं राहता येईनासं झालं, तर कमान उचलून धरणारी घोट्यामागची कंडरा थकलेली असते. हे दुखणं लवकर ओळखलं तर बूट, आधार आणि व्यायाम यांवर भागतं.

सर्वांत गंभीर गोष्ट अशी, की ती दुखतच नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. वाढलेलं वजन आणि मधुमेह जोडीने येतात, आणि मधुमेह जुना झाला की पायांच्या नसा बधिर होऊ लागतात. कोल्ली टेकड्यांत जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरच्या रुग्णालयात कुष्ठरुग्णांवर काम करताना दाखवून दिलं, की हातापायांच्या जखमा मांस सडल्याने होत नाहीत, वेदना कळत नसल्याने होतात. खडा टोचला तरी पाय उचलला जात नाही आणि त्याच जागी दाब येत राहतो. पुढे अमेरिकेत त्यांनी हीच समज मधुमेहींच्या पायांसाठी वापरली. कुष्ठरुग्णांसाठी वापरात आलेल्या मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला आज मधुमेहींनाही दिल्या जातात. बधिर तळवा आणि त्यावर जादा भार, अशी जोडी जमली की घट्ट्याखाली जखम कधी झाली हेही कळत नाही.

त्यात स्थूल माणसाची एक अडचण आहे, जिच्याबद्दल तो संकोचाने बोलत नाही: त्याचे हात स्वतःच्या पायांपर्यंत पोचत नाहीत. नखं कापता येत नाहीत, बोटांच्या बेचक्या कोरड्या करता येत नाहीत, तळवा पाहता येत नाही. मग पावसाळ्यात चिखल्या होतात, नखुरडं होतं, टाचेला भेगा पडतात आणि त्या भेगेतून जंतू शिरतात. जमिनीवर आरसा ठेवून तळवा पाहता येतो. घरातल्या कुणी आठवड्यातून एकदा पाय हातात घेऊन पाहिले तर आणखी चांगलं. काशाच्या वाटीने तळवे चोळून देण्याची आपल्याकडची रीत आहे. टाचेचं दुखणं वाटीने बरं होईल असा दावा करता येणार नाही, पण चोळणाऱ्याला भेग, घट्टा, लाली दिसते, हा तिचा लाभ खरा. मधुमेह्याचा एकच पाय अचानक सुजला, लाल आणि गरम झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं.

पादत्राणं घेताना आपण लांबीचा नंबर सांगतो, रुंदीचा विचार करत नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने लाखाहून अधिक भारतीयांची पावलं मोजली, तेव्हा ती युरोपीय आणि अमेरिकी पावलांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं. त्यावरून 'भ' नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली. वजन वाढलेल्यांचं पाऊल तर त्याहून रुंद. ते बुटात मावावं म्हणून लोक एक नंबर मोठा बूट घेतात, मग टाच मागे घसरत राहते आणि बोटं पुढे आपटतात. खरेदी संध्याकाळी करावी, तेव्हा पाय सुजून पूर्ण मापाला आलेले असतात. चवडा मोकळा, टाचेचा कप घट्ट, तळ जाड आणि मधोमध न दुमडणारा, एवढं पाहावं. पातळ सपाट स्लिपर दुखऱ्या टाचेसाठी वाईट.

आणि चालणं? ते हवंच, पण टाच थोडी शांत झाल्यावर, आणि दहा मिनिटांपासून. तोवर सायकल, पाण्यातला व्यायाम, खुर्चीत बसून करायचे व्यायाम आहेत. टाचेसाठी २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत उपयोगी ठरलेला व्यायाम पलंगावर बसूनच होतो: दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा, हाताने बोटं नडगीकडे ओढायची, दहापर्यंत मोजायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि त्यातली पहिली खेप सकाळी जमिनीवर पाय टेकण्याआधी. हात पायापर्यंत पोचत नसेल तर पंचा बोटांखालून घालून ओढावा. पुढे पायरीच्या कडेवर उभं राहून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, सावकाश टाच उचलण्याचा व्यायाम एक दिवसाआड करता येतो. डेन्मार्कमधल्या चाचणीत तीन महिन्यांनी त्याचा गुण ताणण्याच्या व्यायामापेक्षा सरस दिसला.

वजन किती उतरलं तर पायाला कळेल, असं लोक विचारतात. गुडघ्याचा हिशेब २००५ मध्ये स्टीफन मेसियर यांनी मांडला आहे: एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो. म्हणजे ज्याने तीनच किलो उतरवलेत आणि जो त्यावर खट्टू होऊन बसलाय, त्याच्या गुडघ्यावरून दर पावलाला बारा किलो उतरलेले असतात.