कचेरीच्या चिंचांवरील चित्रबलाक

इंदापूरच्या जुन्या तहसील कचेरीच्या आवारातील ज्या विस्तीर्ण चिंचांच्या छायेत उताऱ्यांसाठी आणि दाखल्यांसाठी आलेले खेडूत आपल्या पाळीची वाट पाहत बसत, त्याच चिंचांच्या माथ्यावर चित्रबलाकांची वसाहत नांदत आली आहे. आणि हे वैभव मला या गावाच्या मालोजीराजे भोसल्यांशी निगडित असलेल्या इतिहासाइतकेच मोलाचे वाटते.

चित्रबलाक हा करकोच्याच्या कुळातील पक्षी. लांब पिवळी चोच, केशरी उघडे मस्तक, छातीवर काळा-पांढरा पट्टा आणि शेपटीलगत गुलाबी पिसांची झाक असे त्याचे रूप. तो सातासमुद्रांपलीकडून येत नाही. जलाशय आणि मासळी यांच्या मागावर देशातल्या देशातच तो स्थलांतर करतो. भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावलेली भीमा, आणि आंबेगाव तालुक्यातून वाहत येऊन तिला मिळणारी घोड, या दोहोंचे पाणी 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणात साठते. उन्हाळ्यात फुगवटा ओसरला की काठाकाठाने उथळ, गढूळ पाणी उरते. अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून चालायचे आणि मासा चोचीला लागताक्षणी ती मिटायची, अशी ज्याची शिकारीची रीत, त्याला याहून सोयीचे क्षेत्र कोणते?

वैशाखातील दुपारी या वसाहतीकडे पाहावे. काटक्यांच्या उथळ घरट्यात पिल्ले धापा टाकीत असतात, आणि आई किंवा बाप सूर्याकडे पाठ करून, पंख पसरून, त्यांच्यावर सावली धरून उभा असतो. जोडीदार परतला की गिळून आणलेली मासळी घरट्यात ओकतो. चोचीतून आणलेले पाणीही पिल्लांवर सोडतो. सावलीचा हा पहारा तासन्‌तास चालतो.

या पक्ष्यांना येथे ना अभयारण्याची हद्द, ना तारेचे कुंपण. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. परंतु विष्ठेचा सडा आणि सडक्या मासळीचा दर्प सोसून शेजाऱ्यांनी फांद्यांना हात लावू दिला नाही, तरच कायद्याला अर्थ. कर्नाटकातील कोक्करेबेल्लूर गावात हेच पक्षी आणि पाणकोळी अर्थात पेलिकन, ग्रामस्थांच्या खासगी चिंचांवर घरटी करतात. चिंचेच्या बुडालेल्या उत्पन्नाबद्दल तेथे झाडमालकांना सरकारी मोबदला दिला जातो. ही तजवीज मला न्याय्य वाटते, कारण पाखरांचा भार एकट्या झाडमालकाच्या शिरी टाकून केलेले संरक्षण फार काळ टिकत नाही.

पुणे-नाशिक रस्त्याच्या रुंदीकरणात जुनी झाडे गमावलेल्या आंबेगावकरांना अशा झाडांचे मोल निराळे सांगावयास नको. भीमेच्या खोऱ्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीने गायरानातील, देवळापुढील आणि चावडीजवळील चिंचा-वडांची नोंद दप्तरी ठेवावी, विणीच्या हंगामात त्यांच्या छाटणीस मनाई करावी आणि शेजारी नवी रोपे आताच लावावीत. चिंचेचे झाड घरट्यांचा भार पेलण्याजोगे व्हावयास एक पिढी जाते.