गावच्या शाळेतले मास्तर ते पडद्याचे लेखक

सिनेमा पाहून आल्यावर ओट्यावर चर्चा रंगते ती नटाची, नटीची, फार तर गाण्यांची. त्यांच्या तोंडी शब्द घालणाऱ्याचे नाव पडद्यावर सुरुवातीलाच येऊन जाते, आणि तेव्हा आपण अंधारात चाचपडत बसायला जागा शोधत असतो. वाचकहो, आज अशाच एका माणसाची हकीकत तुम्हाला सांगायची आहे. नाव रॉबर्ट बोल्ट. जन्म १५ ऑगस्ट १९२४चा, म्हणजे तारीख आपल्या सहज लक्षात राहावी अशी. गाव इंग्लंडातल्या मँचेस्टरजवळचे सेल. वडिलांचे लहानसे दुकान होते, आई शिक्षिका होती.

पोरगा शाळेत काही चमकला नाही. पुढे विमा कंपनीच्या कचेरीत कारकुनीला चिकटला आणि तिथे त्याचा जीव रमेना. दुसरे महायुद्ध चालू होते. आधी हवाई दल, मग पायदळ, असे करत तो पश्चिम आफ्रिकेपर्यंत जाऊन आला. परत आल्यावर मँचेस्टरच्या विद्यापीठात इतिहासाची पदवी घेतली, शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि डेव्हन परगण्यातल्या बिशप्सटेन्टन नावाच्या खेड्यात बोल्टमास्तर मुलांना शिकवू लागले.

इथूनच खरी गोष्ट सुरू होते. आपल्याकडे स्नेहसंमेलनात मुलांचे नाटुकले बसवतात ना, तसे तिकडे नाताळात येशूच्या जन्माचे नाटक बसवायची चाल आहे. मास्तरांवर ते काम आले. हाताशी असलेली नाटके त्यांना पसंत पडेनात, म्हणून त्यांनी स्वतःच एक लिहून काढले. मुलांनी ते केले, आणि मास्तरांना उमगले की आपले काम ते हेच! मग ते बीबीसी रेडिओसाठी नाटके लिहू लागले. पुढे सॉमरसेट परगण्यातल्या मिलफील्ड शाळेत गेले. दिवसा इंग्रजी शिकवायचे आणि रात्री लिहायचे, अशी कित्येक वर्षे गेली. रेडिओचे पैसे येत असले तरी नोकरी सोडायची छाती झाली नव्हती. प्रपंच असलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

सॉमरसेट हा सफरचंदांच्या बागांचा मुलूख. १९५७ साली लंडनच्या रंगभूमीवर आलेल्या त्यांच्या ‘फ्लॉवरिंग चेरी’ नाटकात अशीच बाग आहे. म्हणजे रंगमंचावर नव्हे, नायकाच्या डोक्यात! जिम चेरी हा विमा कचेरीतला माणूस. नोकरीला कंटाळलेला, उठता-बसता लहानपणच्या सफरचंदाच्या बागांच्या गोष्टी सांगणारा. एक दिवस आपण बाग घेणार, कलमे लावणार, मातीत राबणार, असे त्याचे चाललेले असते. त्याची नोकरी सुटते, पण घरी तो सांगत नाही. शेवटी बायकोच म्हणते की हे घर विकू आणि तुमची बाग घेऊ. आणि तेव्हा हा गडी माघार घेतो!

तुमच्या-माझ्या माहितीत असा एखादा शहरात गेलेला पाहुणा असेलच. सुट्टीत बांधावर उभा राहून म्हणतो, ‘सगळं सोडून शेती करायची बघा!’ रानात उतरायची वेळ आली की मात्र त्याची गाडी चुकत असते. बोल्ट यांनी त्या माणसाची टर उडवलेली नाही, त्याचे दुःख दाखवले आहे. म्हणून नाटक चालले. राल्फ रिचर्डसनसारखा मोठा नट त्यात होता. १९५८ साली बोल्ट यांनी मास्तरकी सोडली.

त्यानंतरचे नाटक म्हणजे ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’, १९६० सालचे. त्याची कथा जरा सविस्तर सांगतो, कारण पुढे जे घडले ते तिच्यावाचून कळायचे नाही.

चारशे-पाचशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या गादीवर आठवा हेन्री होता. त्याला पहिली राणी सोडून दुसरे लग्न करायचे होते आणि रोमचे पोप परवानगी देईनात. तेव्हा राजाने पोपशीच संबंध तोडला आणि आपल्या देशातल्या धर्मपीठाचा प्रमुख मीच, असे जाहीर केले. मोठमोठ्या असामींना तशी शपथ घ्यायला लावली. भलेभले मुकाट्याने तयार झाले. टॉमस मोर झाला नाही. तो राज्याचा चॅन्सेलर होता, आणि नामांकित कायदेपंडित. त्याने राजाची निंदा केली नाही की बंड केले नाही. अधिकार सोडला आणि गप्प बसला. शपथ मात्र घेतली नाही. मित्रांनी समजावले, लाडक्या लेकीने विनवले, तरी नाही. अखेर एका ओळखीच्या माणसाने खोटी साक्ष दिली आणि १५३५ साली मोरचे शिर उडवण्यात आले.

हे नाटक मांडण्याची बोल्ट यांची रीत आपल्याला परकी वाटू नये. तमाशातल्या सोंगाड्यासारखा एक सामान्य माणूस त्यांनी घेतला आहे. तोच घरगडी होतो, तोच होडीवाला, तोच तुरुंगाचा पहारेकरी आणि शेवटी मान उडवणाराही तोच. कोणाचे वाईट चिंतत नाही, फक्त आपली कातडी वाचवतो. प्रेक्षक त्याला हसतो आणि हसता हसता गप्प होतो. आणखी एक गंमत म्हणजे मोरला कॅथलिकांनी संत मानले आहे, आणि बोल्ट स्वतः धर्म न मानणारे, तरुणपणी काही वर्षे कम्युनिस्ट पक्षात राहिलेले.

नाटक लंडनमध्ये गाजले आणि सिनेमावाल्यांचे लक्ष मास्तरांकडे गेले. निर्माते सॅम स्पीगल आणि दिग्दर्शक डेव्हिड लीन हे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ काढत होते. मायकेल विल्सन यांनी लिहिलेली संहिता लीन यांना पटत नव्हती. ती बोल्ट यांच्याकडे आली. १९६१ साली जॉर्डनच्या वाळवंटात शूटिंग सुरू झाले तरी लिहिणे चालूच होते.

आणि ऐन त्याच वेळी बोल्टमास्तर तुरुंगात गेले!

अणुबाँबच्या विरोधात तेव्हा इंग्लंडात मोठी चळवळ उभी होती. वृद्ध तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल तिच्या अग्रभागी होते. सप्टेंबर १९६१ मध्ये सरकारने पुढाऱ्यांना कोर्टात उभे केले. आपल्याकडे ‘चॅप्टर केस’ म्हणतात ना, शांतता राखीन असे लिहून द्यायचे, तसाच हा प्रकार. त्यासाठी थेट १३६१ सालचा कायदा उकरून काढला होता. लिहून दिले तर घरी, नाही तर गजाआड. एकोणनव्वद वर्षांच्या रसेलनी नकार दिला. बोल्ट यांनीही नकार दिला आणि त्यांना एक महिन्याची सजा झाली.

आता स्पीगल यांची पंचाईत बघा. वाळवंटात नट, तंत्रज्ञ, उंट, घोडे, सारा तांडा पोसायचा, आणि लेखक तुरुंगात. ते बोल्ट यांच्या मागे लागले की तुमच्या हट्टापायी किती लोकांचे काम अडले आहे. दोन आठवडे बोल्ट टिकले. मग त्यांनी त्या कागदावर सही केली आणि सुटून आले.

अवघ्या एका वर्षापूर्वी शपथ न घेणाऱ्या मोरचे नाटक ज्याने लिहिले, त्याच्याच हातून ही सही झाली. चुकले म्हणावे का? मला तसे सरसकट म्हणवत नाही. एका बाजूला आपला शब्द आणि दुसऱ्या बाजूला शेकडो लोकांची रोजी, असा पेच आला तर कोण काय करील ते सांगता येत नाही. पण बोल्ट यांनी स्वतःला माफ केले नाही. ती सही त्यांना जन्मभर डाचत राहिली. चित्रपट पुरा झाल्यावर ते स्पीगल यांच्याशी पुन्हा बोलले नाहीत.

‘लॉरेन्स’ १९६२ साली आला आणि त्याला सात ऑस्कर मिळाले. लेखक म्हणून पडद्यावर नाव एकट्या बोल्ट यांचे होते. विल्सन हे अमेरिकेत कम्युनिस्ट म्हणून काळ्या यादीत टाकलेले लेखक. त्यांचा वाटा रीतसर मान्य व्हायला १९९५ साल उजाडले. तोवर विल्सन जाऊन बरीच वर्षे झाली होती.

पुढची वर्षे भरभराटीची गेली. रशियन लेखक पास्तरनाक यांच्या जाडजूड कादंबरीवरून केलेल्या ‘डॉक्टर झिवागो’साठी बोल्ट यांना लेखनाचे ऑस्कर मिळाले. लगेच दुसऱ्या वर्षी मोरच्या नाटकाचा चित्रपट आला, त्याच्या लेखनालाही ऑस्कर मिळाले. गांधीजींवरच्या चित्रपटाची एक संहिताही त्यांनी लिहिली होती, पण १९८२ साली आपण पाहिला तो ‘गांधी’ जॉन ब्रायली यांच्या संहितेवर झाला. १९७२ साली बोल्ट यांनी ‘लेडी कॅरोलाइन लॅम’ हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. तो काही त्यांच्या लेखनाच्या तोडीचा नव्हे.

१९७९ साली मात्र घाला आला. आधी हृदयाचे दुखणे आणि पाठोपाठ पक्षाघात. उजवे अंग लुळे पडले, वाचा गेली. शब्दांवर जगणाऱ्या माणसाला पोराप्रमाणे एकेक शब्द पुन्हा शिकावा लागला. घटस्फोट घेऊन गेलेली पत्नी, नटी सारा माइल्स, पुढे पुन्हा त्यांच्याकडे आली आणि १९८८ साली दोघांनी दुसऱ्यांदा लग्न केले.

अशा अवस्थेतही लेखणी थांबली नाही. १९८६ साली ‘द मिशन’ आला. दक्षिण अमेरिकेच्या जंगलात आदिवासींची वस्ती वाचवू पाहणारे दोन पाद्री, एक शस्त्र घेऊन लढतो आणि दुसरा घेत नाही, अशी ती कथा आहे. कान महोत्सवाचा पहिला मान तिला मिळाला. १९९१ साली त्यांनी जेम्स ब्रेडी यांच्यावर दूरदर्शनपट लिहिला. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्यावर १९८१ साली गोळीबार झाला, तेव्हा त्यांचे हे वृत्तसचिव डोक्यात गोळी लागून पंगू झाले होते. त्या माणसाचे पुन्हा बोलायला शिकणे, पुन्हा उठून बसणे लिहायला बोल्ट यांना कुणाला विचारत बसावे लागले नसेल. फेब्रुवारी १९९५ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, ते वारले.