चोथा खा, पण रक्ताकडे दुर्लक्ष करू नका

‘डॉक्टर, पोट साफ होत नाही, एखादे चूर्ण लिहून द्या,’ ही तक्रार धरमपेठेतल्या माझ्या दवाखान्यात रोजचीच आहे. काय खाता, असे विचारले की उत्तर येते : सकाळी टोस्ट, दुपारी पांढरा भात, संध्याकाळी समोसा. या यादीत चोथा जवळपास नसतोच.

चोथा म्हणजे धान्ये, डाळी, भाज्या व फळे यांतील न पचणारा तंतुमय भाग. तो पाणी धरून ठेवतो, मळ मऊ करतो आणि लवकर पुढे ढकलतो. त्यामुळे मळातील घातक द्रव्ये आतड्याच्या अस्तराला कमी वेळ लागून राहतात. शिवाय मोठ्या आतड्यातील जिवाणू चोथ्यापासून ब्युटिरेट तयार करतात. ते अस्तराच्या पेशींचे पोषण करते.

डेनिस बर्किट या शल्यविशारदांना आफ्रिकेतील खेड्यांत, जेथे आहारात चोथा भरपूर असे, मोठ्या आतड्याचा कर्करोग क्वचितच आढळला. १९७१ साली त्यांनी या दोहोंचा संबंध मांडला. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एकत्रित अभ्यासात, रोज १० ग्रॅम जादा चोथा खाणाऱ्यांत हा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी दिसला.

रोज २५ ते ३० ग्रॅम चोथा पोटात जावा. १०० ग्रॅम ज्वारीत तो सुमारे १० ग्रॅम असतो, तर मैद्यात ३ ग्रॅमही नसतो. म्हणून ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि गोकुळपेठेच्या बाजारातली ताजी पालेभाजी रोज खावी. कणकेतला कोंडा फेकू नये. संत्र्याचा रस काढण्यापेक्षा फोडी खाव्यात. चोथा हळूहळू वाढवावा व पाणी भरपूर प्यावे. नाहीतर पोट फुगते.

मात्र चोथा म्हणजे कवच नव्हे. आतड्यातील गाठी काढलेल्या रुग्णांना काही वर्षे जादा चोथा देऊनही नव्या गाठी होणे थांबले नाही, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील दोन चाचण्यांत दिसले. तंबाखू, दारू, लठ्ठपणा व आनुवंशिकता यांचाही वाटा असतो.

शौचातून रक्त गेले की ‘मूळव्याध असेल’ म्हणून अनेकजण महिनोन्महिने घरगुती उपाय करतात. लाजेपायी घरातही बोलत नाहीत. बहुतेकदा ती मूळव्याधच असते, पण तपासल्याशिवाय तसे ठरवता येत नाही. रक्त जाणे, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, विनाकारण वजन घटणे किंवा रक्तक्षय, यांपैकी काहीही आढळल्यास लगेच डॉक्टरांना दाखवा. गरज असल्यास दुर्बिणीने तपासणी करून घ्या. लवकर सापडलेला हा कर्करोग शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो.