लहान शाळेची वर्षअखेर



आपल्याकडे वर्ष किती वेळा संपते, याचा कधी विचार केला आहे का? पंचांगातले वर्ष पाडव्याच्या आदल्या दिवशी संपते, व्यापाऱ्याचे वर्ष दिवाळीत वहीपूजनाला संपते, कचेरीचे मार्चअखेर संपते, आणि भिंतीवरचे कॅलेंडर डिसेंबरच्या एकतीस तारखेला उतरते. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलच्या शेवटी संपते, हे तर पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण महाराष्ट्रात काही लहान शाळा अशा आहेत की, ज्यांना आपले वर्ष दोनदा संपवावे लागते. या म्हणजे ख्रिस्ती मंडळींनी चालविलेल्या प्राथमिक शाळा. एकदा नाताळाच्या दिवसांत आणि एकदा निकालाच्या दिवशी. या दोन वर्षअखेरी कशा होतात, त्यांत काय फरक आहे, आणि त्यांतून मुलाला काय मिळायला हवे, याविषयी आज चार शब्द बोलायचे आहेत.

ख्रिस्ती शाळा म्हटले की शहरातली मोठी दगडी इमारत डोळ्यांपुढे येते. मी बोलतो आहे ती शाळा तशी नव्हे. पहिली ते चौथी, क्वचित पाचवी. तीनचार खोल्या, एक लिंबाचे झाड, दोन किंवा तीन शिक्षक, आणि पटावर साठसत्तर मुले. बाजूला किंवा त्याच आवारात लहानसे उपासनामंदिर. मुलांत ख्रिस्ती थोडी, बाकी गावातली सगळ्या घरांतली.

अशा शाळांची परंपरा जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ साली त्यांनी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, काम सुरू केले. मिस सिंथिया फॅरार या बाई १८२७ साली मुंबईत आल्या, १८३९ पासून नगरला राहिल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. मुलींना शिकविणे हेच त्यांचे आयुष्यभराचे काम. नगरच्या या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या होत्या, आणि १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, हा इतिहास आपणा सर्वांना परिचित आहेच.

आता त्या काळची वर्षअखेर कशी असे, ते पाहा. तेव्हा परीक्षा जाहीर होत असे. गावातली प्रतिष्ठित मंडळी, साहेबलोक, मुलांचे आईबाप समोर बसत आणि मुलाला उभे करून वाचायला लावीत, हिशेब घालीत, नकाशावर नदी दाखवायला सांगत. फेब्रुवारी १८५३ मध्ये पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या मुलींच्या शाळांची अशी परीक्षा झाली, ती पाहायला मोठी गर्दी लोटली होती. मुलींना शिकवता येते, हेच लोकांना त्या वेळी डोळ्यांनी पाहायचे होते. तेव्हा ती परीक्षा मुलींइतकीच पाहणाऱ्यांचीही होती म्हणा ना!

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात खाजगी शाळांना निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली. इन्स्पेक्टर यायचे, मुलांची तपासणी करायचे, आणि जितकी मुले पास, तितका पैसा. कल्पना दिसायला सरळ. पण तिचा परिणाम काय व्हायचा ते कोणीही शिक्षक सांगेल. जे मूल पास होणारच, त्याच्याकडे लक्ष. जे होणार नाही, ते कोपऱ्यात. वर्षअखेर म्हणजे मुलांची चाळण, असा समज आपल्याकडे रुजायला त्या पद्धतीचाही हातभार लागला असावा. ती पद्धत केव्हाच गेली, समज मात्र अजून पुरता गेलेला नाही.

म्हणूनच त्या शाळेची दुसरी वर्षअखेर, नाताळातली, मला मोलाची वाटते. तिच्यात चाळण नाही.

डिसेंबर उजाडला की शाळेत गडबड सुरू होते. बाई कार्डबोर्डाचे तारे कापतात, मुले चकाकत्या कागदाचे तुकडे चिकटवतात. दिवाळीत किल्ल्यावर मांडलेली मातीची चित्रे पुन्हा बाहेर निघतात. किल्ल्यावरची गाय आणि शेळी आता गव्हाणीशेजारी येऊन बसतात. वसईकडे या देखाव्याला मुले सरळ गोठाच म्हणतात, आणि ते खरेच आहे, कारण गोष्ट गोठ्याचीच आहे. मग नाटकाची तालीम. मरिया, योसेफ, गब्रिएल देवदूत, पूर्वेकडून आलेले मागी, हेरोद राजा, आणि मेंढपाळ. मेंढपाळ किती? गोष्टीत आकडा दिलेला नाही, म्हणून उरलेली सगळी मुले मेंढपाळ! धनगराच्या घरचा मुलगा असेल तर त्याला घोंगडी खांद्यावर कशी टाकायची हे शिकवावे लागत नाही; उलट तोच इतरांना शिकवतो. वर्गात कधी तोंड न उघडणारे मूल त्या दिवशी, “चला रे, आपण बेथलेहेमास जाऊ,” एवढे एक वाक्य मोठ्याने म्हणते, आणि खाली बसलेली त्याची आई शेजारणीला सांगते, “आमचा आहे तो.” एवढ्याने त्या घराचे वर्ष गोड होते.

गाणीही आपल्या वळणाची. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) मराठी ख्रिस्ती मंडळींना अभंगाची आणि भजनाची गोडी लावली, त्यामुळे पेटी, तबला आणि टाळ यांवर नाताळाची गाणी म्हणणे नगरकडे कोणाला परके वाटत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत, त्यांना या मंडळींच्या घरांतली भाषा किती ठसठशीत मराठी असते, हे सांगायला नको.

इथे एक प्रश्न काही पालक विचारतात. “गुरुजी, आमचं मूल ख्रिस्ती नाही. त्यानं यात भाग घ्यायचा का?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तरही स्पष्ट आहे. अल्पसंख्य समाजांना आपल्या शाळा काढण्याचा व चालविण्याचा हक्क आपल्या राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने दिला आहे. त्याचबरोबर अठ्ठाविसाव्या कलमाने असेही सांगितले आहे की, सरकारने मान्यता दिलेल्या किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कोणालाही धार्मिक शिक्षण किंवा उपासना सक्तीची करता येणार नाही. मूल अज्ञान असेल तर त्याच्या पालकाची संमती पाहिजे. तेव्हा शाळेने आधी विचारावे आणि पालकाने मोकळेपणाने सांगावे. कोणी म्हणेल, “नाटकात असू द्या, प्रार्थनेला नको.” तसे करावे. पडदा ओढायला, तारा लावायला, पेटी वाजवायला मुले लागतातच. विचारून मिळालेली संमती आणि गृहीत धरलेली संमती यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि लहान गावात ते अंतर ज्या शाळेने पाळले, तिच्यावर लोकांचा विश्वास बसतो.

नाटक झाले, करंज्या वाटल्या, की मंडळींत वर्षअखेरची उपासना असते. सरत्या वर्षाबद्दल आभार मानायचे, हा तिचा गाभा. काही शाळांतून नाताळच्या सुटीआधी मुलांकडूनही हे करवून घेतात. मूल उभे राहते आणि सांगते, कशाबद्दल आभार. पाऊस चांगला झाला. आजी दवाखान्यातून घरी आली. शेळीला दोन करडं झाली. मोठ्या माणसांना हसू येईल. पण यात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मुलाने वर्षाकडे मागे वळून पाहिले आणि त्यात आपल्याला काय मिळाले ते स्वतः निवडले. त्याला कोणी गुण दिले नाहीत, आणि कोणाचे आभार दुसऱ्याच्या आभारांपेक्षा कमी ठरले नाहीत.

आता दुसरे टोक, एप्रिलचे. उन्हाळा तापलेला, परीक्षा संपलेल्या, आणि महाराष्ट्र दिनाच्या सुमारास निकाल. बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि त्याच वर्षी आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. म्हणजे काय? तर एका परीक्षेवर सगळे न ठेवता वर्षभर मुलाकडे पाहायचे, आणि श्रेणीबरोबर शिक्षकाने शब्दांत नोंद करायची. योजना चांगली. पण ‘उपक्रमात सहभाग घेतो’, ‘अभ्यासात रस घेतो’ अशी तीच ती ठरीव वाक्ये चाळीस मुलांपुढे उतरवली, तर त्या नोंदीला अर्थ उरत नाही. लहान शाळेचा मोठा फायदा हा की, तिथल्या बाईंना प्रत्येक मूल खरोखर माहीत असते. त्यांना लिहिता येते, “जूनमध्ये हातच्याची बेरीज चुकत असे, आता धाकट्या बहिणीला शिकवतो.” असे एक वाक्य बापाने वाचले, किंवा वाचता येत नसेल तर कोणाकडून वाचून घेतले, तर त्याला आपले मूल कुठे आहे ते कळते.

डिसेंबरातली आभाराची रीत एप्रिलमध्येही आणता येईल, असे मला वाटते. निकालाच्या आदल्या दिवशी झाडाखाली बसून प्रत्येक मुलाला तीन प्रश्न विचारावेत. गेल्या जूनमध्ये येत नव्हतं असं काय तुला आता येतं? ते यायला कोणी मदत केली? आणि तू कोणाला मदत केलीस? पहिल्याला उत्तर देताना मूल आपली प्रगती आपणच मोजते, शेजाऱ्याशी ताडून नव्हे. दुसऱ्याने कृतज्ञता येते. तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. पण तो दरवर्षी विचारला जाणार हे ठाऊक असले, म्हणजे मूल वर्षभर त्याची तयारी करू लागते. मग बक्षिसे द्यायची असतील तर खुशाल द्यावीत. एकच मूल चार ढाली घेऊन घरी जाते आणि बाकीची टाळ्या वाजवतात, असा समारंभ मात्र साठ मुलांच्या शाळेला शोभत नाही.

आणि आता जे मला मुख्यतः सांगायचे आहे त्याकडे येतो. या दोन्ही समारंभांत काही मुले नसतात.

नगर, बीड या भागांत दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि घरी सांभाळायला कोणी नसेल तर मुलेही बरोबर. गळीत हंगाम संपून ती परततात तेव्हा फेब्रुवारी-मार्च, कधी एप्रिल उजाडतो. म्हणजे नाताळाच्या नाटकात ते मूल मेंढपाळ नसते, ते कारखान्याजवळच्या कोपीत पाचटाच्या उबेला बसलेले असते. आणि निकालाच्या वेळी ते येते, पण सांगायला त्याच्याजवळ शाळेतले वर्षच नसते. सरकारने गावोगाव हंगामी वसतिगृहे चालविली, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड काढले. त्यांचा उपयोग होतो, पण ते मुलापर्यंत पोहोचवायला शाळेतला कोणीतरी माणूस लागतो. गुरुजींनी टोळी निघायच्या आत घरी जाऊन सांगावे लागते, “पोराला आजीपाशी ठेवा, जेवणाची सोय होते आहे.” कार्ड मुलाच्या हातात नव्हे, आईच्या पिशवीत द्यावे लागते.

ख्रिस्ती शाळेला तर याची आठवण बाहेरून करून द्यायला नको. तिथली मुले दरवर्षी जे नाटक करतात ते कशाविषयी आहे? बादशहाच्या हुकुमाने नावनिशी चालली आहे, म्हणून एक गरीब जोडपे घर सोडून लांब निघाले आहे. बाईचे दिवस भरले आहेत, उतारशाळेत जागा नाही, आणि बाळ गव्हाणीत ठेवावे लागते. उसाच्या फडावर बाळंत झालेल्या बाया ज्या गावात आहेत, तिथे ही गोष्ट लांबच्या देशाची राहत नाही. त्याच शुभवर्तमानात पुढे शंभर मेंढरांचा दृष्टान्त आहे. नव्व्याण्णव हाताशी असताना हरवलेल्या एकासाठी मेंढपाळ रानात जातो. पटावरची सत्तर मुले मोजताना हा हिशेब शिक्षकाला उपयोगी पडेल.

तेव्हा शाळा कोणाचीही असो, वर्षअखेरीच्या समारंभाची यादी करताना पाहुणा कोण आणि हार किती, याच्याआधी हजेरीपट उघडावा. गैरहजर मुलांची नावे मुलांसमोर वाचावीत. त्यांच्या वाटणीचा खाऊ आणि कागदी तारा कपाटात ठेवावा, आणि ती परत आली की पहिल्याच दिवशी हातात द्यावा. तेच तीन प्रश्न त्यांनाही विचारावेत. फडावर राहून आलेल्या मुलाला मोळी बांधता येते, बैलगाडी जुंपता येते, धाकटे भावंड सांभाळता येते. ते त्याला वर्गात सांगू द्यावे आणि तिथूनच त्याच्या राहिलेल्या धड्यांना सुरुवात करावी. मेच्या सुटीत रोज एक तास जरी कोणी त्याला दिला, तरी जूनमध्ये ते पुढच्या वर्गात इतरांच्या बरोबरीने बसू शकेल.