काट्यातला पासंग

शिनोली हे आंबेगाव तालुक्यातलं, घोडेगावहून डिंभ्याकडे जाताना लागणारं गाव. या पट्ट्यात बाळहिरडा असो, कांदा-बटाटा असो की रोजचं दूध, हातात पडणारा पैसा आधी कुठल्या तरी काट्यावरचा आकडा असतो. तागडी होती तेव्हा हलक्या पारड्याला बांधलेला पासंग घेणाऱ्याला-देणाऱ्याला दोघांनाही दिसायचा. रिकामी पारडी समोर धरली की शंका तिथल्या तिथे मिटायची, नाहीतर भांडण जुंपायचं. इलेक्ट्रॉनिक काट्यालाही पासंग असतोच. फक्त तो आता मेमरीत साठवलेला एक आकडा झालाय. पडद्यावर 0.000 दिसतं, म्हणून काटा बरोबर आहे असं आपण धरून चालतो. शून्य बरोबर असणं आणि पन्नास किलो बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कंपनीतून काटा जुळवूनच येतो, मग तो बिघडेल कशाला, असं कुणी म्हणेल. तागडी वस्तूची तुलना वजनाशी करते; दोन्ही पारड्यांवर पृथ्वीची ओढ सारखीच, त्यामुळे ती दिल्लीत आणि शिनोलीत एकच उत्तर देते. इलेक्ट्रॉनिक काट्यातला लोडसेल मात्र ती ओढच मोजतो. भार पडला की धातूचा तुकडा किंचित वाकतो, त्यावर चिकटवलेल्या पट्ट्यांचा विद्युतरोध बदलतो आणि त्या बदलाचे किलो करून दाखवले जातात. विषुववृत्ताच्या अधिक जवळ आणि समुद्रसपाटीपासून अधिक उंच असल्यामुळे आपल्याकडे ही ओढ दिल्लीपेक्षा सुमारे 0.08 टक्क्याने कमी भरते. म्हणजे दिल्लीत जुळवलेला काटा इथे तसाच वापरला, तर पन्नास किलोच्या गोणीत जवळपास 40 ग्रॅम कमी दाखवेल, आणि यात लबाडी कुणाचीच नसेल. दहा ग्रॅमच्या घराचा, म्हणजे दहा-दहा ग्रॅमने आकडा बदलणारा, असा काटा पडताळताना पूर्ण भाराला 15 ग्रॅमपर्यंतचीच चूक चालते. म्हणून काटा जिथे वापरायचा तिथेच जुळवावा लागतो. वर झीज, धूळ, दमटपणा आणि गोणी आपटण्याची सवय आहेच.

निरीक्षकाच्या पडताळणीचं काम पाहायला कंटाळवाणं आहे आणि तसंच ते असायला हवं. आधी पातळीचा बुडबुडा मध्यावर आणायचा, काटा काही वेळ चालू ठेवून स्थिरावू द्यायचा. मग प्रमाणित वजनं थोडी थोडी चढवत न्यायची आणि तशीच उतरवायची, कारण काही काटे चढताना एक बोलतात, उतरताना दुसरं. नंतर क्षमतेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचं वजन ताटाच्या चारही कोपऱ्यांवर फिरवायचं. गोणी कधीच बरोब्बर मधोमध पडत नाही, त्यामुळे माझ्या मते सगळ्यात कामाची चाचणी हीच. सगळं जमलं की जुळवणीच्या बटणापर्यंत पोचता येऊ नये अशा बेताने तार ओवून शिशाचं सील दाबतात. त्यावर वर्षाचा आणि तिमाहीचा शिक्का असतो. लोखंडी वजनांनाही असंच शिसं असतं, खाचेत ठोकलेलं. वजन झिजून हलकं झालं की तिथेच भर घालायची आणि पुन्हा शिक्का मारायचा.

पण निरीक्षकाची वजनं तरी बरोबर कशावरून? तीही वरच्या मानकांशी ताडली जातात, ती मानकं अहमदाबादसारख्या प्रादेशिक संदर्भ प्रयोगशाळेत, आणि ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. तिथे प्लॅटिनम-इरिडियमचा 57 क्रमांकाचा किलोग्रॅम आहे. 20 मे 2019 पासून किलोग्रॅमची व्याख्याच धातूच्या ठोकळ्यावरून काढून प्लांकच्या स्थिरांकावर बसवली गेली, कारण पॅरिसजवळचा मूळ ठोकळा आणि त्याच्या प्रती यांच्यातही काही दशकांत मायक्रोग्रॅमांचा फरक पडलेला दिसला होता. जगाच्या मूळ वजनाची ही गत, तर रोज गोण्या झेलणाऱ्या काट्याकडून काय अपेक्षा ठेवायची?

शिक्का म्हणजे निव्वळ फी भरल्याची पावती, ही तक्रार मात्र अर्धी खरी आहे. नियमानुसार इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी 12 महिन्यांतून एकदा होते आणि शिक्का त्या एका दिवसाचीच साक्ष देतो. उरलेल्या दिवसांचं काय? चाळीस ग्रॅमने कुणाचं घर बुडत नाही, हेही मान्य. ओला हिरडा वाळताना याच्या कितीतरी पट घटतो. पण घट दोघांनाही ठाऊक असते, तिच्यावर घासाघीस करता येते. काट्याची चूक मुकाट्याने, दर गोणीला, एकाच बाजूला झुकते. दुधाच्या फॅट मशीनचंही तेच: नळीत दुधाचा थर साचला की आकडा सरकतो, आणि दर तर फॅटच्या दशांशावर ठरतो. तिथे निदान गर्बर पद्धतीने, आम्ल घालून नमुना फिरवून, पडताळा घेता येतो.

काट्यापाशी तसाच पडताळा हवा: शिक्क्याचं वजन, माल घालणाऱ्या कुणालाही उचलून ठेवता येईल असं. पण पाच किलोचं ठेवून भागणार नाही. दिल्लीवाली चूक पाच किलोला जेमतेम चार ग्रॅम, दहा ग्रॅमच्या घरात ती दिसणारच नाही. वीस किलोला ती सोळा ग्रॅम होते आणि पडद्यावर एक-दोन घरांनी आकडा हलतो. तेव्हा ठेवायचं तर वीस किलोचंच ठेवावं, आणि ते कोपऱ्यांवरही फिरवून पाहावं.