काचेचं दार नको, कारागिराचा हात बघा

मनोरच्या मस्तान नाक्यावरून पश्चिमेला पालघर, पूर्वेला वाडा आणि मधून धडधडत जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग. पाड्यावरून बाजाराला आलेला माणूस, तारापूर एमआयडीसीत पाळी संपवून घरी निघालेला कामगार, लांब पल्ल्याचा ट्रकचालक, सगळे याच पट्ट्यातल्या सलूनांत बसतात. एका खुर्चीचं दुकान असतं, तसं बोईसर-पालघरकडे एसी लावलेलं, भिंतभर आरशांचंही असतं. आपण दुकान निवडतो ते दर, गर्दी आणि दार बघून. कारागिराचा हात आणि त्याची हत्यारं बघायची मात्र आपल्याला सवय नाही, आणि तिथेच सगळे गैरसमज रुजतात.

पहिला समज असा की एसी सलून म्हणजे स्वच्छ आणि टपरीवजा दुकान म्हणजे अस्वच्छ. फरशीपुरतं ते खरं असेलही. पण आजार फरशीवरून येत नाही. तो येतो वस्तऱ्यातून, ट्रिमरमधून, ओल्या टॉवेलातून आणि सगळ्यांच्या गालावर फिरलेल्या तुरटीच्या खड्यातून. एका खुर्चीवाला न्हावी तुमच्या डोळ्यांदेखत कागदातलं कोरं पातं काढतो, मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात बसवतो आणि आधीचं पातं डब्यात टाकतो, तेव्हा तो तुमची काळजी घेतो आहे. चकचकीत दुकानातला कारागीर आधीच भरलेला वस्तरा ट्रेमधून उचलून थेट मानेला लावत असेल, तर त्याच्या एसीचा तुम्हाला काही उपयोग नाही.

इथे लोक लगेच एड्सचं नाव घेतात. वस्तऱ्यातून एचआयव्ही होईल ही भीती नव्वदच्या दशकापासून मनात बसली आहे. पण शरीराबाहेर हा विषाणू फार तग धरत नाही आणि सलूनातला त्याचा धोका फारच कमी आहे. काळजी करायची ती कावीळ ब ची. तिचा विषाणू सुकलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो आणि लागण करण्याची त्याची ताकद एचआयव्हीपेक्षा कितीतरी जास्त आहे. दिसणारी जखमही लागत नाही. दाढी करताना कातडीला पडलेला बारीक ओरखडा पुरतो.

‘डेटॉलच्या पाण्यात बुडवला, झालं’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. जंतुनाशकाला काम करायला वेळ लागतो, आणि हत्यारावर केस, साबण किंवा रक्त चिकटलेलं असेल तर ते आत पोचतही नाही. आधी धुवायचं, मग सांगितलेला वेळ बुडवून ठेवायचं, हा क्रम आहे. क्षणभर बुडवून फटकन झटकलेला वस्तरा फक्त ओला होतो. तुरटीचंही तसंच. तुरटीने कातडी आवळली जाते, बारीक रक्तस्राव थांबतो, एवढं खरं. पण तिने वस्तरा किंवा जखम निर्जंतुक होत नाही, आणि एकच खडा दिवसभर सगळ्यांच्या ओरखड्यांवर फिरत असेल तर नको म्हणावं.

ट्रिमरला ब्लेड बदलायची भानगड नाही म्हणून तो सुरक्षित, असंही वाटतं. रक्तापुरता धोका कमी होतो, पण नायट्याची बुरशी ट्रिमरच्या दातांत अडकलेल्या केसांबरोबर एका मानेवरून दुसऱ्या मानेवर जाते. मशीन गरम झालं म्हणून ती मरत नाही. आपल्या दमट किनारपट्टीवर, दिवसभर घामात काम करणाऱ्या माणसाला ती पटकन धरते. ब्रशने दात झाडून जंतुनाशक फवारणारा कारागीर दिसला तर त्याला धरून ठेवा. आणि मानेवर गोल, खाजरा चट्टा उठलाच तर दुकानातून स्वतःच्या मनाने मलम आणू नका. अशा बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. खाज तात्पुरती थांबते आणि नायटा मात्र पसरत जातो. त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

२८ जून २०२० ला करोनाच्या टाळेबंदीनंतर राज्यात सलूनं उघडली, तेव्हा केस कापायला परवानगी होती, दाढीला नव्हती. एकदाच वापरायचा टॉवेल, प्रत्येक गिऱ्हाइकानंतर हत्यारांची सफाई, हे तेव्हा सक्तीचं होतं, आणि आपल्या छोट्या दुकानदारांनीही ते निभावलं. म्हणजे जमत नाही असं नाही. गिऱ्हाइकांनी विचारणं सोडलं आणि सवय सुटत गेली.

आता कारागिरीकडे वळू. ‘पुरुषांचे केस काय, कोणीही कापेल’ हा समज मला सगळ्यात चुकीचा वाटतो. लांब केसांत अर्ध्या सेंटीमीटरची चूक लपून जाते. कानावरच्या आखूड केसांत दोन मिलिमीटरची पायरीसुद्धा रस्त्यापलीकडून दिसते. चांगला कारागीर कात्री उचलण्याआधी डोकं वाचतो. कोरड्या केसांतून कंगवा फिरवतो, भोवरा कुठे आहे आणि कोणत्या दिशेने वळतो ते बघतो, मानेवरचे केस खाली वाढतात की आडवे, हे बोटाने चाचपतो. भोवऱ्याजवळ केस फार आखूड केले की ते उभे राहतात, म्हणून तिथे तो थोडी लांबी राखतो. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, असं आपल्याकडे गमतीने म्हणतात. दोन भोवऱ्यांचा लग्नाशी संबंध नाही. मात्र असं डोकं नवशिक्याच्या हाती देऊ नये, एवढं नक्की. बसल्या बसल्या पाण्याचा फवारा मारून, काही न विचारता मशीन सुरू करणाऱ्याला थांबवायला लाजू नका.

मोबाईलवरचा फोटो दाखवला की काम झालं, असं तरुण मुलांना वाटतं. फोटो जरूर दाखवा, पण पुढचा प्रश्न विचारा: “दादा, माझ्या केसांना हे बसेल का?” फोटोतल्या खेळाडूचे केस दाट आणि सरळ असतात, तुमचे विरळ किंवा कुरळे असतील. ‘नाही बसणार, त्यापेक्षा असं करू’ असं सांगणारा कारागीर तुमचं गिऱ्हाईकपण पणाला लावून खरं बोलतो आहे. त्याचं ऐका.

फेडच्या, म्हणजे खाली अगदी आखूड आणि वर हळूहळू लांब होत जाणाऱ्या कटच्या, बाबतीत थोडा हिशेब करावा. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणजे दिवसाला मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. मशीनची एक नंबरची पट्टी सुमारे ३ मिलिमीटर केस ठेवते. नवव्या-दहाव्या दिवशी ते दुप्पट होतात आणि फेडची रेघ पुसट होऊ लागते. जो दर पंधरा-वीस दिवसांनी खुर्चीत बसू शकतो, त्याच्यासाठी फेड ठीक आहे. पाड्यावरून महिन्या-दीड महिन्याने मनोरला येणाऱ्याने कंगवा-कात्रीचा कट मागावा. तो वाढतानाही आकार धरून राहतो. पण कंगव्यावर कात्री चालवणं शिकायला वर्षं जातात, म्हणून कारागीर निवडताना आधीच्या गिऱ्हाइकाची मान आणि कल्ले बघून घ्या. दोन्ही कल्ले एका रेषेत आहेत का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं.

तारापूरच्या रासायनिक कारखान्यांत काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. ‘मास्कचे पट्टे घट्ट ओढले की दाढी असली तरी चालतं’ असं बरेच जण मानतात. चालत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणाऱ्या गॅस मास्कची रबरी कड कातडीला टेकली तरच वायू अडतो. मध्ये दाढीचे खुंट आले की फट राहते आणि वायू आत शिरतो. दाढी ठेवायचीच असेल तर मास्क दुकानात घेऊन जा, कड कुठे टेकते ते कारागिराला दाखवा आणि दाढी त्या रेषेच्या आतच कोरून घ्या. मिशीला सहसा अडचण येत नाही.

‘सारखं भादरलं की केस दाट येतात’ हा समज घरोघरी आहे, जावळ काढण्याशीही तो जोडला जातो. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ सालीच माणसांवर तपासून दाखवलं की वस्तऱ्याने केसांची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही. केस वाढतो तो कातडीखालच्या मुळातून, आणि त्या मुळाला वर काय कापलं याची खबर नसते. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेल्याचं सपाट, म्हणून हाताला तो राठ लागतो. जावळ हौसेने काढा, दाट केसांच्या आशेने नको.

चाई किड्याने पडते, हेही खरं नाही. त्या जागी शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटलेली असते. मागच्या बाजूची चाई पहिल्यांदा दिसते ती न्हाव्यालाच. त्याने सांगितलं तर राग मानू नका, डॉक्टरकडे जा. डोक्याची मालिश खुशाल करून घ्या, बरं वाटतं. पण शेवटी मान कडाकडा मोडून घेऊ नका. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला अशा झटक्याने इजा होऊ शकते. काळ्या मेंदीबाबतही सावध राहा. मेंदी कधी काळी नसते. तो काळेपणा पीपीडी नावाच्या रसायनाचा असतो आणि काहींना त्याची जबर ॲलर्जी येते, म्हणून दोन दिवस आधी कानामागे थोडी लावून बघा.

कोरं ब्लेड आणि धुतलेला टॉवेल फुकट येत नाही. त्यासाठी कारागिराने दहा रुपये जास्त मागितले तर घासाघीस न करता द्या. आणि कारागिराला एक गोष्ट विचाराच. कावीळ ब ची लस बालकांच्या लसीकरणात देशभर आली ती २०११ च्या सुमारास. आज खुर्चीमागे उभ्या असलेल्या बहुतेक कारागिरांना ती लहानपणी मिळालेली नाही, आणि त्यांची बोटं रोज पात्याशी खेळतात, म्हणजे आपल्यापेक्षा धोका त्यांना जास्त. पुढच्या वेळी पैसे देताना त्यांना विचारा, “भाऊ, लस घेतलीत का?” आणि स्वतःही घ्या. तीन डोस असतात: पहिला आज घेतलात तर दुसरा महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी.