दृष्टिहीनांची ऑनलाइन खरेदी

दृष्टिहीनांची ऑनलाइन खरेदी : संगणक वा मोबाइल फोन यांच्या पडद्यावरील मजकूर ऐकून अथवा ब्रेल लिपीत स्पर्शाने वाचून दृष्टिहीन व्यक्तीने इंटरनेटद्वारे केलेली वस्तूंची व सेवांची खरेदी. बागलाण तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या सटाणा (जि. नासिक) यासारख्या गावातील अंध ग्राहकास बोलणारे घड्याळ, पांढरी काठी इ. वस्तू या मार्गाने घरपोच मिळू शकतात. त्यांसाठी सुमारे ९० किमी. वरील नासिकचा प्रवास किंवा सोबती लागत नाही. मात्र पैसे भरताना गुप्तांक दुसऱ्यास सांगावा लागला, तर हे स्वावलंबन नाममात्र ठरते.

साधने : पडद्यावरील मजकुराचे वाणीत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस पडदावाचक (स्क्रीन रीडर) म्हणतात. ‘जॉज’ हा पडदावाचक १९८९ मध्ये प्रथम उपलब्ध झाला. ‘एनव्हीडीए’ या विनामूल्य पडदावाचकाचे काम मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये सुरू केले. मोबाइल फोनमध्ये टॉकबॅक व व्हॉइसओव्हर या सोयी असतात. पडदावाचक चित्र पाहत नाही; पृष्ठाच्या संकेतावलीतील मजकूर तो क्रमाने वाचतो. म्हणून चित्राला शाब्दिक वर्णन व बटणाला नाव नसेल, तर ग्राहकास केवळ ‘चित्र’, ‘बटण’ एवढेच ऐकू येते. वेडीवाकडी अक्षरे ओळखण्याची चाचणी व ठराविक वेळात संपणारी पृष्ठे हेही मोठे अडथळे होत. अमेरिकेतील ‘टार्गेट’ या दुकानसाखळीविरुद्ध अशाच तक्रारींवरून २००६ मध्ये दावा दाखल झाला व २००८ मध्ये ६० लाख डॉलरची तडजोड झाली.

सुरक्षितता : डोळस ग्राहकास बनावट पृष्ठाचा संशय बहुधा मांडणीवरून येतो, अंध ग्राहकास तो आधार नसतो. संकेतस्थळाचा पत्ता शब्दशः ऐकल्यास एखादे बदललेले अक्षर कानास जाणवत नाही. म्हणून तो अक्षरशः वाचून घ्यावा. संदेशातील दुव्यावरून जाण्याऐवजी पत्ता स्वतः टंकित करणे किंवा तो जतन करून वापरणे अधिक सुरक्षित असते. पत्त्याच्या आरंभीचे ‘एचटीटीपीएस’ हे संपर्क सांकेतिक स्वरूपात होत असल्याचे दर्शविते, विक्रेता प्रामाणिक असल्याचे नव्हे. रक्कम भरण्यापूर्वी वस्तूंची यादी व एकूण किंमत पुन्हा ऐकावी. ग्राहकाच्या नकळत यादीत वस्तू घुसडण्याचा प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत निषिद्ध ठरविला आहे.

एकवार वापराचा परवलीचा अंक पडदावाचक मोठ्याने उच्चारू शकतो. त्यामुळे इअरफोन वापरणे इष्ट. यूपीआय पद्धतीत गुप्तांक पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही नाही. परताव्याच्या नावाखाली तो मागणारा फसवणूकच करीत असतो. अनोळखी व्यक्तीस संगणकाचा दूरस्थ ताबा देऊ नये. शक्य तेथे माल हाती आल्यावर पैसे देण्याचा पर्याय निवडावा. आर्थिक फसवणूक झाल्यास बँकेला व १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. विलंब झाल्यास पैसे पुढील खात्यांत वळविले जातात व ते परत मिळणे कठीण होते.

कायदा : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात माहिती व संपर्कसाधने सर्वांना वापरता येण्याजोगी करण्याची तरतूद आहे. दृष्टिहीन व ॲसिडहल्लाग्रस्त अशा याचिकाकर्त्यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी अंकीय सेवांची उपलब्धता हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे मानले. संकेतस्थळे सुगम कशी करावीत याचे आंतरराष्ट्रीय निकष १९९९ पासून उपलब्ध असून त्यांची २·२ ही आवृत्ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. ग्राहकाची सावधगिरी आवश्यक असली, तरी बटणाला नाव देणे हे विक्रेत्याचेच काम होय. ते न झाल्यास सावध ग्राहकासही आपला गुप्तांक दुसऱ्याच्या स्वाधीन करावा लागतो.